आधी ऐका, मग लिहायला सांगा

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की हुबळी-धारवाडात शिबिरांचे फलक लागू लागतात. पोहणं, तबला, चित्रकला, बुद्धिबळ, नाटक. या शिबिरांत मूल काय शिकलं ते पंधरा दिवसांत डोळ्यांना दिसतं. ते पाण्यात न घाबरता उतरतं, तीनतालाचा ठेका धरतं. लेखनाच्या शिबिराचं तसं नाही. तिथून मूल चार कागद घेऊन घरी येतं, त्यांत शुद्धलेखनाच्या चुका असतात, आणि आईवडिलांना प्रश्न पडतो की यातून नेमकं काय साधलं? 'आत्मविश्वास वाढतो, कल्पनाशक्ती फुलते' असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. ते खरं ठरू शकतं, पण आपोआप ठरत नाही. काही गोष्टी एका क्रमाने घडाव्या लागतात. तो क्रम कोणता आणि प्रत्येक पायरीवर मुलाच्या आत काय घडतं, ते सावकाश पाहू.

निबंधाहून वेगळं काय?

शाळेतल्या निबंधाचा विषय मुलाला पाठ असतो: माझी आई, माझा आवडता ऋतू, मी पंतप्रधान झालो तर. काय लिहिल्यावर गुण मिळतात तेही त्याला कळलेलं असतं. आई प्रेमळ, पावसाळा आल्हाददायक, पंतप्रधान झाल्यावर गरिबी दूर. हे सगळं लिहिताना मुलाला स्वतःच्या आईकडे एकदाही पाहावं लागत नाही. त्यात शिक्षकांचा दोष काढायला नको; पन्नास-साठ वह्या तपासायच्या असतील तर एका साच्याचं उत्तर सोयीचं पडतं. पण मूल त्यातून एक गोष्ट नकळत शिकतं: लिहायचं म्हणजे दुसऱ्याला हवं ते लिहायचं.

शिबिराचं पहिलं काम ही समजूत मोडण्याचं. म्हणून तिथली मांडणीच निराळी असते. साधारण नऊ ते तेरा वयाची पंधराएक मुलं, सतरंजीवर गोल करून बसलेली, आठ दिवस रोज दीड-दोन तास. प्रत्येकाची स्वतःची वही, आणि त्या वहीत लाल पेन फिरणार नाही हा पहिल्याच दिवशी दिलेला शब्द. गुण नाहीत, नंबर नाहीत, बक्षीस नाही. हे नियम दिसायला किरकोळ आहेत, पण पुढची सगळी इमारत त्यांच्यावर उभी राहते. जिथे पहिला नंबर असतो तिथे शेवटचाही असतो, आणि शेवटचा येण्याची भीती असलेलं मूल धाडसाने काही लिहीत नाही.

पहिली पायरी: पाहणं

कल्पनाशक्ती म्हणजे हवेतून काहीतरी काढणं, असा आपला समज असतो. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी १९३० साली मुलांच्या कल्पनाशक्तीवर लिहिताना याच्या उलट बाजू मांडली. कल्पना अनुभवाच्या सामग्रीतून रचली जाते. जितका अनुभव समृद्ध, तितकी कल्पनेला सामग्री जास्त. मोठ्या माणसाकडे मुलापेक्षा अनुभव अधिक असतो, म्हणून त्याची कल्पनाही अधिक संपन्न होऊ शकते, असं ते म्हणतात. शिबिर चालवणाऱ्याने यातून धडा घ्यायचा तो एवढाच की 'कल्पना करा' असं सांगण्याआधी मुलांना काहीतरी नीट पाहायला, हुंगायला, ऐकायला द्यायचं.

हुबळी-धारवाडात यासाठी दूर जावं लागत नाही. गिरमिटाच्या गाड्यासमोर मुलांना दहा मिनिटं उभं करा. कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची परतून त्यात चिंचेचा कोळ घातलेला मसाला, तो चुरमुऱ्यांना लावणारा हात, वर पडणारं फुटाण्याचं पीठ, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, शेव, आणि शेजारच्या कढईत फुगणारी मिरची भजी. नियम एकच: 'छान', 'सुंदर', 'चविष्ट' हे शब्द आज वापरायचे नाहीत.

हा एक नियम काय करतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. समजा, एका मुलाने पहिल्यांदा लिहिलं, 'गिरमिट खूप चविष्ट होतं.' तो शब्द काढून घेतल्यावर ते अडतं. मग शिबिरातली ताई विचारते, "खाताना तू काय केलंस?" ते आठवतं आणि लिहितं, 'चुरमुरे मऊ पडतील म्हणून मी बोललो नाही, आधी खाल्लं.' वाक्य साधंच आहे, पण त्यात घाई आहे, चुरमुऱ्यांचा स्वभाव आहे आणि ते मूल स्वतः आहे. पहिलं वाक्य वर्गातल्या कोणाचंही असू शकलं असतं, दुसरं त्याचंच. आपल्याकडे सांगण्यासारखं काही आहे हा शोध मुलाला इथे लागतो, आणि आत्मविश्वासाची सुरुवात तिथून होते.

दुसऱ्या दिवशी कान. चिगरी बसने हुबळीहून धारवाडला येताना कानावर पडलेली तीन वाक्यं टिपून आणायची. वीसेक किलोमीटरच्या त्या प्रवासात कन्नड, मराठी, उर्दू, हिंदी सगळं ऐकू येतं. कोणी फोनवर रागावलं, कोणी सुट्टे पैसे मागितले, कोणी आजीला हात धरून बसवलं. टिपलेल्या तीन वाक्यांपैकी एक निवडायचं आणि ते बोलणारा माणूस घरी पोचल्यावर काय करेल ते लिहायचं. ऐकलेलं संपतं आणि रचलेलं सुरू होतं ती सीमा मूल इथे पहिल्यांदा ओलांडतं, तेही न घाबरता, कारण अर्धी वाट त्याने स्वतः पाहिलेली असते.

दुसरी पायरी: दोन शब्दांची टक्कर

आता कल्पनेला मोकळं सोडायचं. पण 'वाटेल ते लिहा' म्हटलं की बहुतेक मुलं पेन चावत बसतात. इथे इटालियन बाललेखक जानी रोदारी मदतीला येतात. १९७० साली त्यांना बालसाहित्यातला हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. १९७२ मध्ये रेज्जो एमिलिया या शहरात शिक्षकांबरोबर झालेल्या बैठकांतून त्यांचं कल्पनाशक्तीच्या व्याकरणावरचं पुस्तक तयार झालं, ते पुढच्या वर्षी निघालं. त्यांची सर्वांत गाजलेली युक्ती अशी: एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन शब्द शेजारी ठेवायचे. एकटा शब्द स्वस्थ बसतो. दुसरा परका शब्द येऊन आदळला की मन दोघांमध्ये नातं जोडायला धावतं, आणि त्या धावण्यातून गोष्ट जन्मते.

हे करून पाहायचं तर चिठ्ठ्यांचे दोन डबे घ्यायचे. एकात गावातल्या जागा, दुसऱ्यात प्राणी आणि वस्तू. समजा चिठ्ठ्या निघाल्या 'हुबळीचा प्लॅटफॉर्म' आणि 'गोगलगाय'. हुबळीच्या सिद्धारूढ स्वामीजी स्थानकाचा प्लॅटफॉर्म १,५०७ मीटर लांब आहे, जगातला सर्वांत लांब म्हणून तो ओळखला जातो. मुलांना ही माहिती असतेच, अभिमानही असतो. आता प्रश्न सुरू करायचे. गोगलगाय एका टोकाला आहे, गाडी दुसऱ्या टोकाला. तिला किती वेळ लागेल? सेकंदाला एक मिलिमीटर धरलं तर न थांबता सतरा दिवसांहून जास्त! मुलं हा हिशेब फळ्यावर स्वतः करतात आणि मग गोष्ट थांबवता येत नाही. सतरा दिवस ती काय खाईल? तिकीट कोण तपासेल? ती नेमकी कुठे निघाली आहे? सतराव्या दिवशी गाडी चुकली तर?

गंमत अशी की इथे अटी वाढवल्या की मुलं जास्त मोकळी होतात. 'गोगलगायीने एकदा तरी खोटं बोललं पाहिजे', 'गोष्टीत पाऊस आलाच पाहिजे' अशी एखादी अट घातली की लक्ष 'मला जमेल का?' या काळजीवरून उठून 'हे कसं बसवू?' या कोड्यावर जातं. अडलेल्या मुलाला धीर देण्यापेक्षा असं एखादं कोडं दिलेलं बरं.

मुलांच्या विचित्र प्रश्नांना हसण्यावारी नेऊ नये, हे धारवाडच्याच एका मोठ्या लेखकाने आपल्या लिखाणातून दाखवलं आहे. जी. ए. कुलकर्णी इथल्या जे. एस. एस. महाविद्यालयात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवत होते. 'काजळमाया'सारख्या गडद, गहन कथा लिहिणाऱ्या जी. एं.नी 'बखर बिम्मची' हे पुस्तकही लिहिलं, त्यात बिम्म नावाच्या छोट्या मुलाचं जग आहे. मुलाचं कुतूहल हा पूर्ण ताकदीने लिहिण्याचा विषय आहे असं त्यांना वाटलं, तर शिबिरातल्या ताई-दादांनीही गोगलगायीच्या तिकिटाची चर्चा मनापासून करावी.

तिसरी पायरी: घरची भाषा

या जुळ्या शहरांत एक अडचण हमखास येते. मराठी घरातलं मूल घरी मराठी बोलतं, गल्लीत कन्नड, आणि शाळेत इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकतं. घरची मराठीही पुण्याच्या पुस्तकातली नसते. तिच्यात कन्नड शब्द सहज मिसळलेले, वाक्याचा हेल निराळा. अशा मुलाच्या मनात दोन भीती असतात: माझी मराठी 'चुकीची' आहे, आणि मला देवनागरी भराभर लिहिता येत नाही.

दोन्हींवर उपाय आहे. पहिला खर्डा ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत, ज्या लिपीत हात चालेल त्या लिपीत. ज्याचा हात अडतो त्याने सांगायचं आणि मोठ्या मुलाने किंवा ताईने जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, एकही शब्द न सुधारता. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्विया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांनी मुलांच्या स्वतःच्या शब्दांपासूनच वाचन-लेखन सुरू केलं होतं. ज्या शब्दात मुलाची भीती किंवा प्रेम असतं तो ते एकदा पाहून विसरत नाही, हा त्यांचा अनुभव १९६३ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात आहे. आपल्याकडेही आजीला जे म्हणतात तेच कागदावर आलं पाहिजे. वाक्यरचना आणि शुद्धलेखन नंतर पाहता येतं. आधी पाहिलं तर सुधारायला काही उरतच नाही.

अनेक भाषांमध्ये वाढणं हा अडथळा वाटत असेल तर मुलांना धारवाडच्या साधनकेरीला घेऊन जावं. तिथे कवी द. रा. बेंद्रे यांचं घर आहे. बेंद्रे यांच्या घरी मराठी होती. कवी म्हणून ते कन्नडचे शिखर झाले, 'नाकु तंती'साठी १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला, आणि मराठीतही त्यांनी लिहिलं. दोन भाषांपैकी एक टाकून द्यावी असं त्यांना वाटलं नाही. या वयातल्या मुलाला ही गोष्ट कोणत्याही उपदेशापेक्षा जास्त धीर देते.

चौथी पायरी: वाचून दाखवणं

आता आपण आत्मविश्वासाच्या मुख्य जागेशी आलो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये 'हे मला जमेल' हा विश्वास कशातून तयार होतो याचा सिद्धांत मांडला. त्यांनी चार उगम सांगितले: स्वतः केलेलं काम तडीला गेल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच दुसऱ्याला ते जमताना पाहणं, कोणी विश्वासाने दिलेलं प्रोत्साहन, आणि शरीर-मनाची त्या क्षणाची अवस्था, म्हणजे धडधड, भीती, उत्साह. यांत पहिला सर्वांत बळकट. आपण मोठी माणसं मात्र बहुतेक वेळा फक्त तिसऱ्यावर विसंबतो आणि 'तू हुशार आहेस' म्हणत राहतो.

गोलात बसून वाचताना चारही उगम एकदम वाहू लागतात. मुलाच्या हातात पूर्ण केलेलं लेखन असतं. शेजारची त्याच वयाची मुलगी नुकतीच अडखळत का होईना वाचून बसलेली असते. ऐकणारे लक्ष देत असतात. आणि पहिल्या दिवशी सुकलेला घसा चौथ्या दिवशी तितका सुकत नाही, कारण काही वाईट घडलं नाही हे शरीराला कळलेलं असतं.

पण हे सगळं ऐकण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे, म्हणून ऐकण्याचे नियम लिहिण्याच्या नियमांपेक्षा कडक हवेत. वाचून झाल्यावर आधी प्रत्येकाने आपल्याला काय दिसलं, काय आठवत राहिलं ते सांगायचं. मग एक खरा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर आपल्याला जाणून घ्यायचं आहे. सल्ला द्यायचा नाही. समजा, एका मुलीने आजोबांच्या सायकलवर लिहिलं. कोणी म्हणालं, "घंटा वाजत नाही म्हणून ते तोंडाने आवाज काढतात ते मला दिसलं." दुसऱ्याने विचारलं, "मग ते नवी घंटा का बसवत नाहीत?" मुलगी थांबते. कारण तिला ठाऊक आहे, पण तिने ते लिहिलेलं नव्हतं. नुसतं "छान लिहिलंस" म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. प्रश्नामुळे तिला कळतं की आपलं ऐकणाऱ्याला अजून ऐकायचं आहे. लिहिणाऱ्याला यापेक्षा मोठी पावती नाही.

धारवाडला ही रीत नवी नाही. बेंद्रे आणि त्यांच्या मित्रांचा 'गेळेयर गुंपु' हा मेळा गेल्या शतकात इथेच जमला. १९३३ मध्ये जी. बी. जोशी यांनी सुरू केलेल्या मनोहर ग्रंथमालेचा 'अट्ट', म्हणजे वरचा माळा, हा पुढे लेखकांचा अड्डा झाला. कीर्तिनाथ कुर्तकोटी तिथले जाणकार वाचक, आणि गिरीश कार्नाड यांचं पहिलं नाटक 'ययाति' याच ग्रंथमालेने १९६१ मध्ये काढलं. मोठमोठ्या लेखकांनाही लिहिल्यावर आधी चार विश्वासू कान लागतात. दहा वर्षांच्या मुलाला ते लागणारच.

पाचवी पायरी: पुन्हा लिहिणं आणि छापणं

सायकलवाल्या मुलीला आता पुन्हा लिहायचं आहे, आणि इथे 'पुन्हा लिही' ही शिक्षा राहत नाही. घंटेचं कारण घालायचं म्हणून तीच कागद मागते. शुद्धलेखन पाहायची वेळ हीच. वाचणारा अडखळू नये म्हणून ऱ्हस्व-दीर्घ तपासायचं, हे मुलाला पटतं. गुण जातील म्हणून तपासायचं, हे फक्त सहन होतं.

एकट्याने लिहायला बिचकणाऱ्यांसाठी सामूहिक लेखन फार उपयोगी पडतं. इटलीतल्या बार्बियाना या डोंगराळ वस्तीत लोरेंझो मिलानी या धर्मगुरूच्या शाळेतल्या मुलांनी १९६७ मध्ये शिक्षिकेला उद्देशून लिहिलेलं पुस्तक जगभर गेलं; मराठीत ते 'प्रिय बाई' म्हणून आलं. त्यांची पद्धत सोपी होती. सुचलेला एकेक मुद्दा वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठ्या एकत्र करून सारख्या मुद्द्यांचे गठ्ठे करायचे, गठ्ठ्यांचा क्रम लावायचा, आणि मग एकही शब्द जास्तीचा उरणार नाही इतकं छाटत जायचं. 'आमच्या गल्लीत पाणी येतं तो दिवस' हा विषय घ्या आणि पंधरा मुलांना चिठ्ठ्या द्या. एरवी गप्प बसणाऱ्याची चिठ्ठी मधोमध लागते, आणि तिच्याशिवाय लेख पुरा होत नाही हे सगळ्यांना दिसतं.

शेवटी छापणं. त्यासाठी छापखाना लागत नाही. मराठी शाळांतली हस्तलिखिताची जुनी रीत पुरेशी आहे: मुलांनी स्वच्छ अक्षरात लिहायचं, चित्रं काढायची, झेरॉक्स काढून पिना मारायच्या. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, संपादक मंडळ सगळं मुलांचं. प्रत्येक मुलाचं काही ना काही त्यात असलंच पाहिजे. निवडक लेखन छापलं की शिबिराची पुन्हा स्पर्धा होते. एक प्रत घरी, एक शाळेच्या वाचनालयात. अनुक्रमणिकेत आपलं नाव आणि पुढे पान क्रमांक पाहणं म्हणजेच बांडुरा यांनी सांगितलेला तो पहिला, बळकट उगम.

दोन सावधगिऱ्या

मोकळेपणाने लिहू लागलं की मूल कधी कधी घरातलं दुःखही लिहितं: आजारपण, भांडण, कोणाचा मृत्यू. ते वाचून दाखवण्याची सक्ती करू नये. 'हे पान माझ्यापुरतं' अशी घडी घालायची मुभा पहिल्या दिवसापासून हवी. आणि मुलाला कोणी इजा करत असल्याची शंका येईल असं काही कागदावर आलं, तर शिबिर चालवणाऱ्याने ते लेखन म्हणून न पाहता मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न म्हणून जबाबदार माणसांपर्यंत न्यायला हवं. मुलाने विश्वास टाकला की ही जबाबदारी येतेच.

दुसरी सावधगिरी पालकांसाठी. घरी आलेल्या वहीत आधी चुका शोधू नका, आणि पाहुण्यांसमोर 'वाच बघू' असा आग्रहही करू नका. शिबिर निवडताना तीन प्रश्न विचारा: मुलं किती? रोज प्रत्येकाचं ऐकलं जातं का? शेवटी बक्षीस आहे का? मुलं फार असतील, ऐकायला वेळ नसेल आणि बक्षीस असेल, तर तो निबंधाचाच वर्ग आहे, फक्त नाव वेगळं.

आठ दिवसांत कोणी लेखक होत नाही, आणि शिबिराचा तो हेतूही नसावा. आठ दिवसांत घडतं ते एवढंच: मूल आपल्या डोळ्यांनी पाहू लागतं, परक्या गोष्टींत नातं जोडून पाहतं, आणि आपण बोललो तर लोक थांबून ऐकतात हे त्याला अनुभवाने कळतं. हा अनुभव नंतर मिळाला नाही तर विरतोही. म्हणून शिबिर संपल्यावर आठवड्यातून एक अर्धा तास घरात, वाड्यात किंवा गल्लीतल्या चार घरांनी मिळून ठरवावा. मुलांनी लिहिलेलं वाचायचं, मोठ्यांनी मोबाईल बाजूला ठेवून ऐकायचं आणि ऐकून झाल्यावर एक खरा प्रश्न विचारायचा. त्याला पैसे लागत नाहीत, तज्ज्ञही लागत नाही. लागतो तो ऐकणारा माणूस, आणि तो प्रत्येक घरात असू शकतो.